वीस हजार पिस्तुले, एकच माप

पेनाचे टोपण हरवले तर तुम्ही काय करता? तसल्याच दुसऱ्या पेनाचे टोपण लावता. झटकन बसते, नाही का? पण सव्वादोनशे वर्षांपूर्वी असे सहसा होत नसे. सैनिकांच्या पिस्तुलांचेच बघा ना!

तेव्हाची पिस्तुले चकमकीची होती. वरच्या बाजूला एक वाकडी दांडी असे. तिला घोडा म्हणतात. घोड्याच्या तोंडात गारगोटी पकडलेली असे. चाप ओढला की गारगोटी पोलादी पट्टीवर आपटे आणि ठिणग्या खालच्या छोट्या वाटीतल्या दारूवर पडत. या दारूचे नाव रंजक. ती पेटली की आग बारीक छिद्रातून नळीत शिरे आणि धडाम्! कधी मात्र रंजक नुसतीच जळून जाई. झाला फुसका बार!

खरी पंचाईत पुढेच होती. कारागीर प्रत्येक भाग कानशीने घासून त्या एकाच पिस्तुलाला जुळवी. मग लढाईत एखादा भाग मोडला, तर दुसऱ्या पिस्तुलाचा भाग त्याला बसेलच असे नाही. ऐन रणांगणात कारागीर आणायचा कुठून?

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात सिमियन नॉर्थ नावाचा माणूस गवत कापायचे लांब विळे बनवी. १७९९ साली सरकारने त्याला ५०० पिस्तुलांचे काम दिले. काम करता करता त्याने एक युक्ती काढली. एका कामगाराने एकच भाग हजारोंनी बनवायचा! त्यात निदान पाव मेहनत वाचते, असे त्याच्या लक्षात आले. १८१३ साली त्याला तब्बल २०,००० पिस्तुलांचे काम मिळाले. अट काय होती ठाऊक आहे? कुठल्याही पिस्तुलाचा कुठलाही भाग उरलेल्या कुठल्याही पिस्तुलाला बसला पाहिजे! हे काही एका दिवसात साधले नाही. त्यासाठी मापे ठरवावी लागली, नवी यंत्रे घडवावी लागली.

पुढे तुमच्या दिवाळीतल्या टिकलीसारखी, ठोका बसताच पेटणारी तांब्याची टोपी आली. मग पुष्कळ जुन्या पिस्तुलांची गारगोटी काढून त्यांना टोपीची सोय केली गेली. म्हणून मूळ रूपातले चकमकीचे पिस्तूल आज दुर्मीळ झाले आहे.

पिस्तूल संग्रहालयात गेले, पण ती अट मागे राहिली. शिवणयंत्रे आणि सायकलीही पुढे त्याच रीतीने बनू लागल्या. आता एक करा. आईबाबांबरोबर सायकलच्या दुकानात जा आणि आपल्या सायकलला बसेल असा एक नट मागा. दुकानदार डब्यातून चटकन काढून देईल. तेव्हा त्या विळे बनवणाऱ्या नॉर्थची आठवण नक्की काढा!