अंड्याचा बलक काढता, पण बिस्किटाच्या पुड्याचे काय?

वडिलांचा रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल वाढलेले. त्याच संध्याकाळी घरात फर्मान निघते : आजपासून अंडी बंद. आई म्हणते, मुलांनाही नको, आतापासूनच सवय नको. पण चहाबरोबरची खारी चालू राहते, रविवारचे फरसाण चालू राहते. आणि चार वर्षांचे पोर मोबाइलवर कार्टून लावल्याशिवाय घास घेत नाही, म्हणून ताटाशेजारी मोबाइल उभा केलेला असतो.

मित्रांनो, हे चित्र एखाद्याच घरातले नाही. आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी घरांत कोलेस्टेरॉलची भीती अंड्याला चिकटली आहे आणि मुलांच्या मोबाइलची चिंता फक्त डोळ्यांपुरती उरली आहे. हे दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण येऊन मिळतात एकाच ठिकाणी, जेवणाच्या ताटाजवळ. म्हणून दोन्ही एकत्र समजून घेऊ.

कोलेस्टेरॉल म्हणजे नेमके काय?

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ आहे. तो विष नाही. शरीरातल्या प्रत्येक पेशीचे आवरण, काही हार्मोन्स, ड जीवनसत्त्व आणि चरबी पचवणारे पित्त तयार करायला तो लागतोच. आपल्याला लागणारे बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवते आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. आहारातून येणारा भाग त्या मानाने लहान असतो. बहुतेक निरोगी माणसांत आहारातून जास्त कोलेस्टेरॉल आले, तर यकृत आपले उत्पादन कमी करते.

रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारी दोन मुख्य वाहने आहेत. एलडीएल ते रक्तवाहिन्यांकडे नेते. ते जास्त झाले की वाहिन्यांच्या भिंतीत थर साचतो आणि पुढे हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊ शकतो. एचडीएल जास्तीचे कोलेस्टेरॉल परत यकृताकडे आणते. याशिवाय रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड असते. ती रक्तातली चरबी असून साखर, मैदा, दारू आणि बैठ्या आयुष्याने वाढते.

म्हणून रिपोर्ट हातात आला की फक्त 'टोटल' हा आकडा पाहून घाबरू नका. चारही आकडे डॉक्टरांकडून समजून घ्या.

अंड्याची भीती आली कुठून?

एका अंड्यात साधारण १८० ते २०० मिलीग्रॅम कोलेस्टेरॉल असते आणि ते सगळे पिवळ्या बलकात असते. अमेरिकेच्या आहार मार्गदर्शिकेत दिवसाला ३०० मिलीग्रॅमची मर्यादा अनेक वर्षे होती. तिथूनच दोन अंड्यांत दिवसाचा कोटा संपला, हा हिशेब जगभर पसरला. २०१५ ते २०२० या काळासाठीच्या मार्गदर्शिकेत ही आकड्याची मर्यादा काढून टाकण्यात आली. कारण रक्तातले एलडीएल वाढवण्यात ताटातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबी आणि ट्रान्स फॅट यांचा हात मोठा आहे, हे स्पष्ट होत गेले. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१९ च्या सल्ल्यानुसार निरोगी माणसाला दिवसाला एक अंडे चालते.

याचा अर्थ कितीही खा, असा नाही. ज्यांना मधुमेह आहे, ज्यांचे एलडीएल बरेच वाढलेले आहे किंवा ज्यांना आधीच हृदयविकार आहे, त्यांनी अंड्यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. पण घरातल्या एकाचा रिपोर्ट बिघडला म्हणून सगळ्या मुलांची अंडी बंद करणे याला वैद्यकीय आधार नाही.

महाराष्ट्रातही तपासलेला आकडा

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडिया-बी या अभ्यासात तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड इथल्या शहरी व ग्रामीण प्रौढांचे रक्त तपासले गेले. २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले लोक साधारण १४ टक्के होते. ट्रायग्लिसराइड वाढलेले साधारण ३० टक्के. आणि चांगले मानले जाणारे एचडीएल कमी असलेले तब्बल ७२ टक्के.

म्हणजे आपल्याकडचा सर्वांत मोठा बिघाड अंड्याने होणारा नाही. एचडीएल कमी होण्यामागे व्यायामाचा अभाव, तंबाखू-सिगारेट, पोटावरची चरबी आणि साखर-मैद्याचा भडिमार ही कारणे असतात, काहींत आनुवंशिकताही असते. आपण मात्र बलक काढून फेकतो आणि समाधान मानतो.

खरा दोष कुठे लपला आहे?

पहिला दोषी ट्रान्स फॅट. वनस्पती तूप बनवताना तेल घट्ट करण्याच्या प्रक्रियेत ते तयार होते. ते एलडीएल वाढवते आणि एचडीएल घटवते, म्हणजे दोन्हीकडून मारते. भारतात खाद्यतेल व चरबीतील ट्रान्स फॅटवर २०२१ पासून ३ टक्के आणि २०२२ पासून २ टक्के अशी कायदेशीर मर्यादा आहे. पण एकाच कढईत पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातही अपायकारक घटक तयार होतात. गाडीवरचे तेल काळे दिसत असेल, तर तिथून पुढे चालू लागा.

दुसरी दोषी संपृक्त चरबी. तूप, लोणी, मटणाची चरबी, खोबरेल आणि पामतेल यांत ती जास्त असते. स्वस्त बिस्किटे, वेफर्स, खारी, केक यांत बहुधा पामतेल असते. पुड्याच्या मागे घटकांची यादी वाचा. तिथे मैदा, साखर आणि पामतेल ही तीन नावे सुरुवातीलाच दिसली, तर तो खाऊ रोजचा नाही, हे मुलांनाही सांगा.

आणखी एक फसवणूक ओळखा. तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. कोलेस्टेरॉल लक्षणीय प्रमाणात फक्त प्राणिजन्य पदार्थांत असते. शेंगदाणा, सूर्यफूल, करडई, पाम, कोणतेही वनस्पती तेल घ्या, त्यात ते नसल्यासारखेच असते. त्या छापील शब्दांसाठी जास्त पैसे मोजू नका.

मटण खाणाऱ्यांनाच हृदयविकार होतो का?

नाही. वनस्पती तुपातली मिठाई, तळण आणि मैदा खाणाऱ्या शाकाहारी माणसालाही होतो. आपल्या खाण्याबद्दल उगाच अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. पण खरे तेही स्वीकारू. मटणाचा तवंग, कोंबडीची कातडी यांत चरबी भरपूर असते. भेजा आणि कलेजीत कोलेस्टेरॉल खूप असते. सुकट-बोंबलात मीठ जास्त असते. मासे, कातडी काढलेली कोंबडी आणि अंडे ही त्यांपेक्षा चांगली निवड. मटण कधीतरी, चरबी काढून, आणि सोबत भाकरी व कांदा-काकडी भरपूर.

मुलाच्या ताटातले अंडे हिरावू नका

एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम उत्तम दर्जाची प्रथिने मिळतात. बलकात अ जीवनसत्त्व, बी-१२ आणि मेंदूच्या वाढीला लागणारे कोलीन असते. बलक फेकला की हे सगळे फेकले जाते. दोन वर्षांखालील बाळांना तर चरबीची गरजच असते. त्यांना साय काढलेले दूध देऊ नये.

हा प्रश्न फक्त घरापुरता नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांना केळी, देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा सरकारी निधी थांबवण्यात आला. शाळांना हवे तर लोकसहभागातून अंडी द्यावीत, असे सांगण्यात आले. ज्या मुलाला शाळेतले अंडे हेच आठवड्यातले एकमेव अंडे होते, त्याच्या ताटातून ते गेले. अशा वेळी 'अंड्याने कोलेस्टेरॉल वाढते' ही अर्धवट माहिती आपणच पसरवली, तर नुकसान आपल्याच मुलांचे होते.

ताटासमोरचा मोबाइल

आता मोबाइलकडे येऊ. आई-बाप दोघे कामावरून थकून येतात, खोली एकच, खेळायला अंगण नाही. अशा वेळी मोबाइल हातात देणे हा अनेकदा नाइलाज असतो. त्यासाठी आईला बोल लावून काही होत नाही. पण जेवताना मोबाइल लावल्याने काय होते, ते माहीत असायला हवे.

पोट भरले हा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला थोडा वेळ लागतो. लक्ष पडद्यावर असले की तो निरोप कळतच नाही. मोठे मूल गरजेपेक्षा जास्त खाते. लहान मूल चव, वास, भूक काहीच न ओळखता नुसते गिळते आणि पुढे मोबाइलशिवाय जेवायला तयार होत नाही. त्यात दर काही मिनिटांनी वेफर्स, चॉकलेट, कोला यांच्या जाहिराती. बसून राहणे वाढते, झोप कमी होते, खाऊची मागणी वाढते. एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त होण्याची पायाभरणी अशी लहानपणीच होते.

कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट संयुत्त निकायात आहे. भरपेट जेवून धापा टाकत तो बुद्धांकडे आला. भान ठेवून, प्रमाणात जेवण्याचा उपदेश बुद्धांनी केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला तो उपदेश दररोज जेवणाच्या वेळी म्हणून दाखवायला सांगितले. हळूहळू राजाचा आहार कमी झाला आणि शरीर हलके झाले. राजाच्या ताटाजवळ भान देणारा माणूस होता. आपल्या मुलांच्या ताटाजवळ आपण भान घालवणारे यंत्र ठेवले आहे.

किती वेळ चालेल?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सूचनांचा सारांश असा :

- दोन वर्षांखाली : मोबाइल-टीव्ही नको. आजी-आजोबांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल.
- दोन ते पाच वर्षे : दिवसाला जास्तीत जास्त १ तास, तोही मोठ्यांच्या सोबतीने. कमी असेल तितके चांगले.
- पाच ते दहा वर्षे : दिवसाला २ तासांपेक्षा कमी.
- त्यापुढे : आकड्यापेक्षा समतोल पाहा. झोप, अभ्यास, खेळ आणि घरच्यांशी बोलणे यांतले काही बुडत असेल, तर वेळ जास्त झाला.

पाच ते सतरा वयाच्या मुलांना दररोज सरासरी १ तास दम लागेल असा खेळ हवा. शाळकरी मुलांना रात्री ९ ते १२ तास आणि किशोरांना ८ ते १० तास झोप हवी. दिवसा उजेडात बाहेर खेळण्याने चष्मा लागण्याचा धोकाही कमी होतो.

घरात काय बदलता येईल?

१. जेवताना सगळ्यांचे मोबाइल फळीवर. बापाचाही. मोठे रील पाहत असतील, तर मुलांना सांगण्यात अर्थ नाही.
२. सवय एकदम तुटत नाही. आधी दिवसातले एकच जेवण मोबाइलशिवाय करा. पोर दोन-चार दिवस रडेल, कमी खाईल. निरोगी मूल भूक लागली की खाते. वजन घटत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.
३. झोपण्याआधी एक तास मोबाइल बंद. चार्जर मुलांच्या अंथरुणापासून लांब.
४. बैठे काम असेल, तर माणशी दिवसाला ४ ते ५ चहाचे चमचे तेल पुरे. चार जणांच्या घराला महिन्याला अडीच ते तीन किलो. महिन्याचे तेल किती येते, ते एकदा मोजा.
५. पाच रुपयांच्या पुड्याऐवजी भाजलेले चणे, शेंगदाणे, उकडलेले अंडे, पेरू, केळे द्या. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी-हुलग्याची उसळ, जवसाची किंवा कारळाची चटणी हे आपलेच जुने अन्न तंतुमय आहे आणि हृदयासाठी चांगले आहे.
६. कोला रोजचा नको. ३०० मिलीच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर असते.

तपासणी कोणी करावी?

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने रक्तदाब, साखर आणि लिपिड तपासून घ्यावे. कंबर पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या वर असेल, तर हा इशारा समजा. वडील, काका, मामा यांपैकी कोणाला पंचावन्नच्या आत किंवा आई, मावशी, आत्या यांपैकी कोणाला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर मुलांच्या तपासणीबद्दलही डॉक्टरांना विचारा. काही घराण्यांत कोलेस्टेरॉल जन्मापासूनच जास्त असते. त्यावर नुसते पथ्य पुरत नाही, औषध लागते. डॉक्टरांनी सुरू केलेली गोळी नातेवाइकांच्या सल्ल्याने बंद करू नका.

कार्यकर्त्यांसाठी

आपण जयंतीला आरोग्य शिबिरे घेतो. पुढच्या शिबिरात रक्तदाबाच्या मशीनशेजारी एक मोजपट्टी आणि बिस्किटाचे चार रिकामे पुडे ठेवा. लोकांना मागची यादी वाचायला शिकवा. रविवारी विहारात मुलांचा वर्ग भरतो, त्यानंतर अर्धा तास मैदानी खेळ घ्या. आणि गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत आपले पालक असतील, तर अंड्याचा विषय बैठकीत मांडा. जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग बाजूला काढला, तरी एका लहान शाळेतल्या मुलांना आठवड्याचे अंडे मिळू शकते. निधी पुन्हा सुरू करण्याची मागणीही सोबत चालू ठेवा.

आज रात्रीपुरते एवढेच करा. मोबाइल फळीवर ठेवा आणि मुलाच्या ताटात अख्खे अंडे वाढा, बलकासकट.