रक्तपिपासू पिशाचांच्या आख्यायिका व ऐतिहासिक साहसकादंबरी

रक्तपिपासू पिशाचांच्या आख्यायिका व ऐतिहासिक साहसकादंबरी : मृत्यूनंतरही देहाने वावरणारे आणि जिवंतांच्या रक्तावर टिकून राहणारे पिशाच, ही मुख्यतः पूर्व यूरोपातील लोकसमजुतीतील कल्पना होय. या कल्पनेस ज्ञात कालखंडाची, राजवंशाची किंवा दुर्गाची पार्श्वभूमी देऊन रचलेल्या साहसप्रधान कादंबऱ्यांना एकोणिसाव्या शतकापासून मोठा वाचकवर्ग लाभत आला आहे. मराठीत तिच्या जवळ जाणारी सामग्री वेताळकथा, चिरंजीवांच्या दंतकथा आणि ऐतिहासिक कादंबरी यांत विखुरलेली आढळते. खानदेशच्या लोकपरंपरेत तिची काही लक्षणीय उदाहरणे मिळतात.

यूरोपीय परंपरा : १७२५ ते १७३२ या काळात हॅब्सबर्ग सत्तेखालील सर्बियन खेड्यांत मृत व्यक्ती कबरीतून उठून माणसे मारतात, अशी आवई उठली. लष्करी अधिकारी व शल्यवैद्य यांनी कबरी उकरून अहवाल लिहिले आणि ते यूरोपभर वाचले गेले. सम्राज्ञी मारिया टेरीसा हिने आपला वैद्य गेरार्ड व्हान स्वीटेन याच्याकडून १७५५ मध्ये या प्रकाराची शहानिशा करविली. हे सर्व अज्ञानातून उद्भवल्याचा निर्वाळा त्याने दिल्यावर प्रेतांच्या विटंबनेस शासनाने बंदी घातली. समजुतीचा शासकीय पाया असा ढासळला. तथापि तिचा वाङ्मयीन प्रवास त्यानंतरच सुरू झाला. जॉन पॉलिडोरीची द व्हँपायर (१८१९), शेरिडन ले फान्यूची कार्मिला (१८७२) आणि ब्रॅम स्टोकरची ड्रॅक्युला (१८९७) हे त्याचे प्रमुख टप्पे होत. स्टोकरने पंधराव्या शतकातील वॉलेकियाच्या राजकुळातील नाव आपल्या नायकविरोधी पात्रास दिले. पुढील लेखकांनी त्या नावामागील तिसरा व्लाड या राजाचा इतिहासच कथावस्तू म्हणून घेतला. एलिझाबेथ कोस्टोव्हाची द हिस्टॉरियन (२००५) ही कादंबरी या प्रकारची आहे.

मराठीतील समांतर धारा : वेताळपंचविशीतील कथा सोमदेवाच्या कथासरित्सागरात (अकरावे शतक) आल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी त्या मराठी गद्यात आणल्या. रिचर्ड बर्टनने आपल्या इंग्रजी रूपांतरास (१८७०) नाव देताना वेताळासाठी यूरोपीय रक्तपिपासू पिशाचाचाच शब्द योजला. परंतु हे साम्य वरवरचे आहे. प्रेतात शिरून राहणारा हा वेताळ राजाच्या मानगुटीस बसतो, पण रक्त पीत नाही; तो कूटप्रश्न घालतो व अखेरीस राजाचे प्राण वाचवितो. कोकणात आरवली येथे वेतोबा आणि गोव्यात बेताळ या नावांनी त्याची रक्षक ग्रामदेवता म्हणून पूजा होते. मराठी कादंबरीत हळबे यांच्या मुक्तामालेने (१८६१) अद्भुताची, तर रा. भि. गुंजीकरांच्या मोचनगडाने (१८७१) ऐतिहासिक साहसाची वाट घालून दिली. यानंतर इतिहास व पिशाच ही दोन अंगे बहुधा वेगळी राहिली. विसाव्या शतकात नारायण धारप (१९२५–२००८) यांनी भयकथा लोकप्रिय केली. त्यांची लुचाई ही कादंबरी स्टीव्हन किंगच्या सेलम्स लॉट (१९७५) या कादंबरीवर आधारलेली आहे.

खानदेशातील आख्यायिका : ड्रॅक्युलाशी तुलना करण्याजोगे येथील पात्र अश्वत्थामा हे होय. झोपलेल्या द्रौपदीपुत्रांचा वध केल्याबद्दल त्याला रक्त व पू यांची दुर्गंधी अंगावर वागवीत तीन हजार वर्षे भटकण्याचा शाप मिळाला, असे महाभारतात सांगितले आहे. कपाळीची जखम भरून यावी म्हणून तो तेल मागत फिरतो, ही दंतकथा सातपुड्यात आजही सांगितली जाते. अक्राणी तालुक्यातील अस्तंबा या शिखरावर दिवाळीच्या सुमारास त्याची यात्रा भरते. हा प्रदेश १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होता. नंतर तो नंदुरबार जिल्ह्यात गेला. अकबराने १६०१ मध्ये फारुकी घराण्याकडून जिंकलेल्या अशीरगडाशीही हीच कथा निगडित आहे. तापीकाठचे थाळनेर हे फारुकींचे आरंभीचे ठाणे. तेथे फेब्रुवारी १८१८ मध्ये सर टॉमस हिस्लॉपने किल्लेदारास फाशी दिली आणि शिबंदीची कत्तल करविली. दख्खन व उत्तर हिंदुस्थान यांच्या सीमेवरील ही भूमी, तिचे घाट व पडके कोट साहसकथेस सहज अनुकूल ठरावेत असेच आहेत.

आकर्षणाची कारणे : पहिले कारण रचनेत आहे. ड्रॅक्युला ही रोजनिशी, पत्रे व वृत्तपत्रीय कात्रणे यांतून उलगडते. त्यामुळे वाचक स्वतःच संशोधक बनतो. अस्सल कागदाच्या शोधातील हा आनंद दफ्तरे धुंडाळणाऱ्या इतिहासकारालाही परिचित असतो. वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर धुळ्यात १९२७ मध्ये स्थापन झालेल्या संशोधन मंडळाची ओळख अशाच कागदपत्रांशी निगडित आहे. कादंबरीकार या शोधपद्धतीचा केवळ आभास उभा करतो. दुसरे कारण नियमबद्धतेचे. आमंत्रणावाचून पिशाचास उंबरठा ओलांडता येत नाही. राजाने मौन सोडताच वेताळ झाडावर परततो. असे नियम असल्यामुळेच बुद्धी व धैर्य यांना वाव मिळतो आणि भयकथेची साहसकथा होते. तिसरे कारण नैतिक आहे. भूतकाळातील अपराधाचे परिमार्जन न झाल्यास तो पुन्हा समोर येतो, ही जाणीव अश्वत्थाम्याच्या कथेत आहे, तशीच उद्ध्वस्त किल्ल्यांच्या दंतकथांतही आहे.

कल्पित व वास्तव : कादंबरीतील रक्तपिपासू हा सहसा सत्ताधीश असतो, तो गढीत राहतो आणि दुबळ्यांवर जगतो. लोकभ्रमात मात्र हे नाते उलटे होते. सातपुड्याच्या पाड्यांवर आजारपण, गुरांचे मरण किंवा जमिनीचा तंटा यांचा दोष ‘डाकीण’ ठरविलेल्या स्त्रीवर येतो आणि ती पुष्कळदा विधवा वा निराधार असते. तिला मारहाण होते, गावाबाहेर घालविले जाते. प्रसंगी तिचा जीवही जातो. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने अशा प्रथांविरुद्ध प्रबोधन केले. त्यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुणे येथे हत्या झाली. त्याच वर्षी राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. करणी वा भूतबाधा केल्याचा आळ घेऊन एखाद्याचे जगणे मुश्कील करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. व्हान स्वीटेनच्या अहवालाने प्रेतांची विटंबना थांबविण्यास आधार दिला. येथे प्रश्न जिवंत स्त्रियांचा आहे. पिशाचकथेचा रसास्वाद हा ती कल्पित असल्याच्या भानावर अवलंबून असतो. ते भान असल्यास वाचकाचे भय पुस्तकाबरोबर मिटते. ते सुटल्यास त्याच भयाची किंमत एखाद्या निरपराध स्त्रीला मोजावी लागते.