विमा कशासाठी आणि किती रकमेचा?

मार्चअखेर जवळ आली की करबचतीसाठी एखादी विमा पॉलिसी घेऊन टाकायची, ही शहरी मध्यमवर्गाची जुनी सवय. नव्या करप्रणालीत कलम ८० सीची वजावट मिळत नसल्याने अनेकांपुरते हे कारण आता उरलेले नाही. त्यानिमित्ताने मूळ प्रश्नाकडे वळायला हवे. विमा नेमका कशासाठी आणि किती रकमेचा घ्यावा?

वित्तीय नियोजकांच्या अभ्यासक्रमात जोखीम व्यवस्थापन आणि विमा हा स्वतंत्र विषय असतो. त्याची सुरुवात पॉलिसीपासून नव्हे, तर जोखमीच्या मोजमापापासून होते. एखादे संकट किती वेळा ओढवू शकते आणि ओढवल्यास नुकसान किती होईल, हे दोन प्रश्न आधी विचारायचे. मोबाइल फुटणे, फ्रिज बिघडणे हे अधूनमधून घडते. पण नुकसान किरकोळ असते. ते स्वतःच सोसावे आणि त्यासाठी काही महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बँकेत हाताशी ठेवावी. मद्यपान करून वाहन चालवण्यासारखी जोखीम मुळातच टाळावी. हेल्मेट आणि नियमित आरोग्य तपासणी यांनी काही जोखीम कमी होते. उरतात ती क्वचित येणारी, पण आली तर संसार विस्कटून टाकणारी संकटे. कर्त्या व्यक्तीचा अकाली मृत्यू, गंभीर आजार, कायमचे अपंगत्व ही ती संकटे होत. विम्याची खरी जागा इथे आहे.

समजा, ३५ वर्षांच्या एका नोकरदाराच्या घरी पत्नी आणि दोन मुले आहेत. त्याच्या पश्चात घरखर्चाला महिना ४० हजार रुपये, म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार रुपये लागतील. गुंतवणुकीवरील परतावा आणि महागाई सारखीच धरली, तर २५ वर्षांसाठी १ कोटी २० लाख रुपये हवेत. गृहकर्जाचे ४० लाख आणि मुलांच्या शिक्षणाचे २० लाख मिळवले की गरज १ कोटी ८० लाखांवर जाते. त्यातून १५ लाखांची बचत वजा केल्यास १ कोटी ६५ लाखांचे संरक्षण लागते. प्रत्यक्षात त्याच्याकडे १० लाखांची ‘पैसे परत मिळणारी’ पॉलिसी असेल, तर ती रक्कम जेमतेम दोन वर्षे पुरेल आणि गृहकर्ज तसेच राहील.

एवढे मोठे संरक्षण सर्वसामान्यांना परवडते ते शुद्ध मुदत विम्यातूनच. मुदत संपल्यावर त्यात काहीच परत मिळत नाही. म्हणूनच हप्ता कमी असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यांवर जीएसटीही लागत नाही. मात्र मुदत विम्याने आजारपणाचा खर्च भागत नाही. त्यासाठी आरोग्य विमा वेगळा हवा. कंपनीने दिलेला समूह विमा सहसा नोकरीबरोबरच संपतो, हेही ध्यानात ठेवावे.

रकमेइतकीच महत्त्वाची आहे कागदोपत्री चोख असण्याची बाब. धूम्रपान, मधुमेह किंवा पूर्वीची शस्त्रक्रिया प्रस्तावपत्रात लपवू नये. विमा कायद्याच्या कलम ४५ मध्ये २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कंपनीला कोणत्याही कारणाने तिला आव्हान देता येत नाही. पण त्याआधी मृत्यू ओढवला, तर लपवलेली माहिती दाव्याच्या आड येऊ शकते.

ज्यांच्यावर व्यवसायाचे कर्ज आहे, त्यांनी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याचा आधार घ्यावा. त्यातील कलम ६ नुसार विवाहित पुरुषाने पत्नी आणि मुलांच्या लाभासाठी स्वतःच्या आयुष्यावर घेतलेली पॉलिसी हा त्यांचा विश्वस्त निधी ठरतो. धनकोंना फसवण्याचा हेतू नसेल, तर त्यांना त्या रकमेवर हक्क सांगता येत नाही. मात्र ही नोंद पॉलिसी घेतानाच करावी लागते.

कपाटातील पॉलिसी एकदा बाहेर काढावी. तिच्यावरील विमा रकमेला घरच्यांच्या वर्षाच्या खर्चाने भागावे. येणारे उत्तर म्हणजे आपल्या माघारी घर किती वर्षे चालेल, त्याचा आकडा.