अपडेटनंतर घरचं वायफाय तुटतंय? रिसेट दाबण्याआधी हे तपासा

रावेर : केळीचे भाव बघायचे, पीक विम्याचा अर्ज भरायचा की मुलांचा अभ्यास, सगळ्याला नेट लागतं. राऊटरचं सॉफ्टवेअर बऱ्याचदा कंपनीकडून परस्पर अपडेट होतं. त्यानंतर नेट सारखं तुटत असेल, तर आधी बिघाड कुठे आहे ते ओळखा.

१) 'एलओएस'चा लाल दिवा लागलाय? मग घरापर्यंत सिग्नलच येत नाही. फायबरची तार तुटलेली किंवा मुडपलेली असू शकते. लाइनमनलाच बोलवा.

२) लाल दिवा नसेल, तर राऊटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा.

३) एकाच मोबाइलवर अडचण असेल, तर त्यातून वायफायचं नाव काढून टाका आणि पासवर्ड पुन्हा टाका.

४) राऊटरजवळ चालतं, पण आतल्या खोलीत तुटतं? ५ गीगाहर्ट्झच्या लहरी जाड भिंतीतून नीट जात नाहीत. तिथे २.४ चं वायफाय जोडा.

टाचणीने दाबायचं रिसेट बटण मात्र स्वतःहून दाबू नका. कंपनीने भरलेलं युजरनेम-पासवर्ड पुसलं जाऊन नेट पूर्ण बंद पडू शकतं. अपडेट सुरू असताना लाइट गेली, तरी राऊटर बिघडू शकतो. छोटा यूपीएस असलेला बरा.

तरीही जमलं नाही, तर कंपनीकडे तक्रार करा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार तो देणं बंधनकारक आहे. समाधान झालं नाही, तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते.