आयरिश पुत्रनामे : अर्थ, वंश आणि हुकूमत

आयर्लंडमधील पुरुषनामांचा विचार करू लागलो की मला प्रथम आठवतो तो एक ग्रंथ, जो डब्लिनला नव्हे, तर 1868 साली कलकत्त्याला छापला गेला. मन्स्टर प्रांतातील कॅशेल येथे राज्य करणारा आणि त्याच वेळी बिशपपदही भूषविणारा कॉर्मक माक कुलेनान हा 908 साली रणांगणावर पडला. शब्दांची व्युत्पत्ती सांगणारा एक प्राचीन कोश परंपरेने त्याच्या नावावर चालत आलेला असून, यास्काच्या निरुक्ताशी परिचय असलेल्या वाचकाला त्यातील पद्धती मुळीच परकी वाटणार नाही. जॉन ओडोनोव्हन या पंडिताने त्याचे भाषांतर केले आणि त्याच्या निधनानंतर ते संपादून प्रसिद्ध करणारे व्हिटली स्टोक्स हे डब्लिनचे गृहस्थ त्या काळी हिंदुस्थान सरकारच्या कायदेखात्यात अधिकारी होते. पुढे 1877 ते 1882 या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात कायदेसदस्य झाले. ज्या हाताने त्यांनी आपल्याकडील दिवाणी आणि फौजदारी कामकाजाचे मसुदे लिहिले, त्याच हाताने फुरसतीच्या वेळी जुन्या आयरिश हस्तलिखितांची संहिता शुद्ध केली. संस्कृताच्या देशात राहून आयरिश शब्दांचा शोध घेणाऱ्या या पुरुषाला दोन्ही भाषांचे आप्तत्व पदोपदी दिसत असले पाहिजे, आणि ते जितके स्पष्टपणे पुत्रनामांत उमटले आहे तितके अन्यत्र क्वचितच आढळते.

‘आर्त’ हे तेथील एक अत्यंत जुने पुरुषनाम. त्याचा अर्थ अस्वल, आणि आपला ‘ऋक्ष’ हा त्याचा सख्खा भाऊबंद. ‘एध’ असा ज्याचा प्राचीन उच्चार होता, आणि आज जे नुसते ‘ए’ किंवा ‘ई’ एवढेच उरले आहे, त्या नावाचा अर्थ अग्नी. यज्ञकुंडात पडणाऱ्या इंधनाला आपल्या ऋषींनी ‘एधस्’ म्हटले, तेही त्याच धातूपासून. या नावाला लघुत्ववाचक प्रत्यय लागून झालेला ‘एडन’ म्हणजे लहानगा अग्नी. ‘फॅरगस’ या नावाच्या आरंभी असलेला ‘फेर’ म्हणजे पुरुष, हा आपला ‘वीर’. ‘ओखी’ या राजनामाच्या मुळाशी असलेला ‘एख’ म्हणजे आपला ‘अश्व’. आणि ‘शनान’ या साधुनामातील ‘शन’ म्हणजे वेदांतील ‘सन’, अर्थात जुना. ‘रुअरी’ या नावाचा विग्रह केला असता ‘आरक्त राजा’ असा अर्थ निघतो, आणि त्यातील दोन्ही अवयव ‘रुधिर’ आणि ‘राजन्’ या शब्दांच्या कुळातले आहेत. 1198 साली मृत्यू पावलेला, सर्व आयर्लंडवर अधिराज्य सांगणारा अखेरचा आयरिश राजा याच नावाचा होता. या साम्यावरून एकाने दुसऱ्यापासून नावे उसनी घेतली असे कोणी समजू नये. दोन्ही शाखा एका अतिप्राचीन खोडातून निघाल्या, एवढेच ते साम्य सांगते, आणि तेवढेही पुष्कळ आहे.

यांत सर्वांत विलक्षण आहे ती श्वानवाचक नावांची परंपरा. आपल्याकडे ऐतरेय ब्राह्मणातील शुनःशेप आणि त्याचे दोन बंधू सोडले तर कुत्र्याचे नाव पुत्राला देण्याची कल्पनाही सहन होणार नाही. परंतु प्राचीन आयर्लंडात ‘कू’, म्हणजे शिकारी श्वान, हे योद्ध्याचे बिरुद होते, आणि हा ‘कू’ म्हणजे आपला ‘श्वन्’च. ‘कॉनर’ हे नाव आज जगभर ऐकू येते. त्याचे मूळ रूप ‘कॉनहोवर’ असे असून ‘श्वानांची आवड धरणारा’ असा त्याचा अर्थ लावतात. ‘कोनल’ म्हणजे श्वानासारखा किंवा लांडग्यासारखा बलवान. अल्स्टरच्या वीरगाथांमध्ये सेतान्ता नावाचा एक बालक कुलान लोहाराच्या घरी मेजवानीस उशिरा पोहोचतो, अंगावर धावून आलेल्या त्याच्या रखवालदार कुत्र्यास ठार करतो, आणि लोहाराची हानी पाहून, दुसरे पिल्लू वाढेपर्यंत मीच तुमच्या घराची राखण करीन असे वचन देतो. त्या दिवसापासून त्याचे नाव ‘कू हुलिन’, कुलानचा श्वान, असे पडते, आणि जन्मनाम मागे पडून हेच अजरामर होते. इंग्रजी सत्तेविरुद्धच्या 1916 च्या उठावाचे स्मारक म्हणून डब्लिनच्या मुख्य टपालकचेरीत जी मूर्ती बसविली आहे ती याच मरणोन्मुख वीराची, ऑलिव्हर शेपर्ड या शिल्पकाराने घडविलेली.

या नावांचा सर्वांत जुना लेखी पुरावा कागदावर नाही. तो दगडावर आहे. इसवी सनाच्या चौथ्या ते सातव्या शतकांच्या सुमारास, उभ्या शिळेच्या कडेवर आडव्या-तिरप्या रेघा कोरून लिहिलेली ‘ओअम’ नावाची लिपी प्रचारात होती, आणि तिचे सुमारे चारशे शिलालेख उपलब्ध असून त्यांतील बहुसंख्य केरी, कॉर्क आणि वॉटरफर्ड या दक्षिणेकडील परगण्यांत आहेत. त्यांत ना स्तुती आहे, ना शापवचन, ना तिथी. बहुतेक लेखांत नावे आहेत आणि तीही षष्ठी विभक्तीत : अमक्याचा, जो तमक्याचा पुत्र, त्याचा. ‘कुना’ हे श्वानवाचक पद या शिळांवरही वारंवार भेटते. जुन्या आयरिश धर्मशास्त्रात जमिनीच्या मालकीचा पुरावा म्हणून अशा शिळेवरील अक्षरे ग्राह्य धरली आहेत. म्हणजे ज्याचे नाव दगडावर, त्याची ती मिरास. नाव हाच दस्तऐवज, ही समजूत त्या भूमीत इतकी पुरातन आहे.

फिन या वीराच्या कथाचक्रातील नावे अधिक कोमल आहेत. ‘फिन’ म्हणजे शुभ्र, गौर. त्याचे जन्मनाम डेम्ने. त्याची पत्नी सायव्ह शापाने हरिणी झाली आणि तिच्या पोटी जो पुत्र झाला त्याचे नाव ‘ओशीन’, हरिणशावक. या ओशीनचा पुत्र ऑस्कर. अठराव्या शतकात जेम्स मॅक्फर्सन या स्कॉटिश लेखकाने ओशीनच्या नावावर जी काव्ये प्रसिद्ध केली ती अस्सल नव्हती, परंतु सारे युरोप त्यांच्यावर लुब्ध झाले. नेपोलियनही त्यांचा भक्त होता. 1799 साली जन्मलेल्या त्याच्या धर्मपुत्राच्या, म्हणजे सेनापती बर्नादोतच्या मुलाच्या, नावांत ‘ऑस्कर’ आले, आणि तो मुलगा 1844 साली स्वीडनच्या सिंहासनावर पहिला ऑस्कर म्हणून बसला. आयरिश गाथेतील नातवाचे नाव असे एका उत्तरेकडील राजघराण्यात रुजले.

ख्रिस्ती धर्माच्या आगमनाने जुनी नावे नष्ट झाली नाहीत. त्यांच्या शेजारी एक नवी, विनम्र नाममाला उभी राहिली. देशाचा प्रमुख संत पॅट्रिक. परंतु त्याचे नाव सरळ आपल्या मुलास ठेवणे हा आयरिश लोकांना शतकानुशतके अविनय वाटे, आणि सुमारे सतराव्या शतकापर्यंत ते नाव मूळ आयरिश घराण्यांत विरळाच आढळते. त्याऐवजी ते ‘गिला पाड्रिग’, पॅट्रिकचा सेवक, किंवा ‘मेल पाड्रिग’, पॅट्रिकच्या नावाने मुंडन केलेला, असे म्हणत. ‘गिला ईसा’, येशूचा सेवक, हेही याच पठडीतले. ज्यांच्या घरात रामदास आणि गोविंददास ही नावे आहेत त्यांना या नावांतील दास्यभाव समजावून सांगण्याचे कारण नाही. ‘कोलम’ म्हणजे पारवा, आणि ‘कोलम किल’ म्हणजे मठातील पारवा. 597 साली आयोना बेटावर देह ठेवणाऱ्या या थोर संताचे मूळ नाव ‘क्रिफन’, म्हणजे कोल्हा, होते असे परंपरा सांगते. ग्लेनडालोच्या दोन सरोवरांच्या दरीत तप करणाऱ्या केव्हिनच्या नावाचा अर्थ ‘सुंदर जन्माचा’. त्यातील उत्तरपद आणि आपला ‘जन्’ धातू पुन्हा एकाच कुळातले.

दहाव्या-अकराव्या शतकांपासून आडनावे स्थिर होऊ लागली तेव्हा तीही पुत्रनामांतूनच निर्माण झाली. ‘माक’ म्हणजे पुत्र, ‘ओ’ म्हणजे नातू आणि पुढे वंशज. 1014 साली क्लोन्टार्फच्या लढाईत मारल्या गेलेल्या ब्रायन बोरू राजाचे वंशज ते ओब्रायन. घरोघरी पहिल्या मुलाला पित्याच्या पित्याचे आणि दुसऱ्याला आईच्या पित्याचे नाव ठेवण्याची वहिवाट पुष्कळ काळ टिकली. आजोबांचे नाव नातवात पुढे चालविणाऱ्या मराठी कुटुंबांना हा शिरस्ता घरचाच वाटेल, आणि मूठभर नावे पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहण्याचे कारणही त्यातच सापडेल.

आता या इतिहासातील दुःखाचा भाग. 1366 च्या किल्केनी येथील कायद्याने आयर्लंडात वसलेल्या इंग्रजांना आयरिश नावे धारण करण्याची मनाई केली. 1465 साली याच्या पुढचे पाऊल पडले : डब्लिनभोवतीच्या, इंग्रजी अंमलाखालील मुलखात राहणाऱ्या आयरिश रहिवाशाने इंग्रजी आडनाव घ्यावे, ते एखाद्या गावाचे, रंगाचे, धंद्याचे किंवा हुद्द्याचे असावे, आणि हुकूम न मानल्यास त्याची मालमत्ता जप्त व्हावी, असे फर्मान निघाले. तरीही कायद्याने जे पूर्णपणे साधले नाही ते पुढच्या शतकांत दप्तराने साधले. पाद्री लॅटिनमध्ये नोंद करी, सरकारी कारकून इंग्रजीत. दोघांनाही आयरिश नाव जसेच्या तसे लिहावयाचे नव्हते, म्हणून कानाला जवळ वाटणारे एखादे प्रतिष्ठित नाव शोधले जाई. दिअरमिद हा ‘जेरेमाया’ झाला, अर्थात बायबलमधील विलाप करणारा प्रेषित. कॉनहोवर हा ‘कॉर्नेलियस’, म्हणजे रोमन शताधिपती. डॉनहा, तपकिरी वर्णाचा योद्धा, तो ‘डेनिस’. काहल, रणाधिपती, तो ‘चार्ल्स’. ओइन, यू वृक्षापासून जन्मलेला, तो ‘यूजीन’. आणि डोनल, ज्याचा अर्थ जगाचा अधिपती, तो ‘डॅनियल’. अर्थाशी अर्थाचा काडीइतका संबंध नव्हता. ‘टाइग’ या नावाचा अर्थ कवी. त्याचा ‘टिमथी’ झाला, आणि ते नाव इतके सार्वत्रिक होते की सत्ताधाऱ्यांनी त्याचाच उपयोग साऱ्या कॅथॉलिक रयतेला हिणविण्यासाठी केला. कविवाचक नाव शिवी होऊन बसावे, यापरते एका भाषेचे अधःपतन कोणते?

1893 साली डग्लस हाइड, ओइन मॅक्नील आदींनी गॅलिक लीगची स्थापना केली आणि लोक आपली नावे परत मागू लागले. 1915 च्या ऑगस्टमध्ये ग्लासनेव्हिनच्या स्मशानभूमीत ज्याच्या थडग्यापाशी, पुढे 1916 च्या उठावाचा नेता झालेल्या पॅट्रिक पियर्सने आपले सुप्रसिद्ध भाषण केले तो वृद्ध क्रांतिकारक ओडोनोव्हन रोसा बाप्तिस्म्याच्या नोंदीत जेरेमाया होता, पण आयरिश भाषेत दिअरमिद होता. चार्ल्स बर्जेस या क्रांतिकारकाचा काहल ब्रूहा झाला, एडवर्ड केंटचा एमन क्यान्ट. 1920 साली ब्रिक्स्टनच्या तुरुंगात चौऱ्याहत्तर दिवसांच्या उपोषणानंतर प्राण सोडणारा कॉर्कचा महापौर हिंदुस्थानला टेरेन्स मॅक्स्विनी म्हणूनच ठाऊक आहे. ‘टेरेन्स’ हे रोमन नाटककाराचे नाव, आणि त्याच्याखाली दडलेले ‘टरलख’ हे आयरिश नाव आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानांवर आले असेल.

परंतु या साऱ्या लढ्याचे मर्म मला ज्या प्रसंगात दिसते तो रणांगणावरचा नाही, तो एका गाडीच्या फळीवरचा आहे. मालवाहू गाडीवर धन्याचे नाव सुवाच्य अक्षरांत असावे असा कायदा होता. डोनेगल परगण्यातील नील माक गिला व्रीदे या शेतकरी कवीने आपले नाव आयरिश लिपीत रंगविले, म्हणून त्यास दंड झाला. प्रकरण 1905 साली डब्लिनच्या वरिष्ठ न्यायालयात गेले. त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत तरुण पियर्स होता, आणि बॅरिस्टर म्हणून त्याचा हाच एक खटला स्मरणात राहिला आहे. निकाल विरुद्ध गेला : आयर्लंडात, आयरिश माणसाच्या स्वतःच्या गाडीवर, आयरिश अक्षरे सुवाच्य ठरत नाहीत. त्या नावाचा अर्थ ‘ब्रिजिदच्या सेवकाचा पुत्र’ असा, सुमारे एक सहस्र वर्षांच्या भक्तीची मोहोर असलेला, पण न्यायालयाला तो वाचता आला नाही.

नावांच्या अर्थांचे जे लहानमोठे संग्रह बाजारात मिळतात ते पालकांची गरज भागवितात, पण त्यांच्या निश्चिततेवर विसंबणे इष्ट नाही. ‘नील’चा अर्थ कोणी मेघ देतात, कोणी शूर पुरुष, ‘दिअरमिद’चा मत्सररहित, ‘किलियन’चा मठ किंवा कलह, आणि यांतील कोणत्याही अर्थाची खात्री पंडितांना देता येत नाही. उलट ‘शॉन’, ‘एमन’, ‘शेमस’ आणि ‘लिअम’ ही जी नावे साऱ्या जगाला अस्सल आयरिश वाटतात, ती बाराव्या शतकात आलेल्या नॉर्मन लोकांबरोबर त्या बेटावर उतरली, आणि आयरिश तोंडात घोळून आयरिश झाली. म्हणून माझे मत असे की नावाचा अर्थ केवळ धातूत शोधू नये. ते कोणी धारण केले, कोणी त्यास मनाई केली, आणि ते पुन्हा कोणी मागून घेतले, हाही त्या नावाचाच अर्थ होय. आणि या कसोटीवर ‘टाइग’ किंवा ‘दिअरमिद’ यांच्याइतकी अर्थसंपन्न नावे युरोपात थोडी असतील.

आज टाइग, ओशीन, फिन, किलियन आणि ‘छोटा राजा’ असा अर्थ असलेले रीअन ही नावे आयर्लंडमधील नवजात बालकांच्या याद्यांत अग्रभागी दिसतात. मात्र आयरिश स्वरांवर दीर्घत्व दाखविणारी जी तिरपी रेघ असते, तिला ‘फाडा’ म्हणतात, ती सरकारी संगणकांना कित्येक वर्षे लिहिता येत नव्हती. आणि ती गळाली की ‘शॉन’ या नावाची अक्षरे ‘शन’ अशी होतात, ज्याचा अर्थ नुसता ‘जुना’. 2021 साली आयर्लंडच्या संसदेने अधिकृत भाषांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती केली, आणि नागरिकाचे आयरिश नाव त्याच्या फाडासह अचूक नोंदवून घेणे हे सार्वजनिक कचेऱ्यांचे कर्तव्य ठरविले.