पट्टा स्वस्त, मग बिल मोठं का?

बॉनेट उघडलं की इंजिनाच्या एका कडेला, पुल्यांना वळसे घालत गेलेला काळा रबरी पट्टा दिसतो. गॅरेजमध्ये त्याला अजूनही फॅन बेल्ट म्हणतात, कागदोपत्री तो सर्पेंटाइन बेल्ट. पूर्वी अल्टरनेटर, एसी, वॉटर पंप यांना वेगवेगळे व्ही-बेल्ट असत. १९७९ च्या फोर्ड मस्टँगमध्ये ते काम एकाच लांब पट्ट्यावर आलं आणि पुढे ही पद्धत सगळीकडे रुळली. या पट्ट्याच्या खर्चाबद्दलच्या गैरसमजांपायी कुणी विनाकारण पैसे मोजतं, तर कुणी थोडे वाचवायला जाऊन इंजिनाचं मोठं काम ओढवून घेतं.

गैरसमज १ : बेल्ट बदलायचा म्हणजे मोठा खर्च.
वस्तुस्थिती : मोठा आकडा कानावर येतो तो बहुधा टायमिंग बेल्टचा. तो दातेरी असतो, झाकणाच्या आत असतो आणि तिथपर्यंत पोचायला बरंच खोलावं लागतं. मारुतीच्या के-सिरीज इंजिनांत तर तो नाहीच, त्याजागी साखळी आहे. बाहेरचा पट्टा लहान पेट्रोल गाडीसाठी साधारण ५०० ते १,५०० रुपयांत मिळतो. म्हणून अंदाजपत्रक घेताना नेमका कोणता बेल्ट, हे आधी विचारा.

गैरसमज २ : पट्ट्याच्या किमतीपेक्षा बिल जास्त आलं म्हणजे फसवणूक.
वस्तुस्थिती : तसं असेलच असं नाही. काही गाड्यांत पट्टा काही मिनिटांत निघतो. काहींत जागा इतकी अरुंद असते की चाक, आतलं प्लास्टिकचं आवरण, कधी इंजिनाचं माउंटिंगही काढावं लागतं, आणि मजुरी त्यानुसार वाढते. शिवाय पट्टा ताणून धरणारा टेन्शनर आणि आयडलर पुली असते. अनेक गाड्यांत एकटा टेन्शनर पट्ट्यापेक्षा महाग असतो. त्याचं बेअरिंग गेलेलं असेल तर नवा पट्टाही लवकर खराब होतो. मात्र तो बदलायची गरज आहे का, हे तपासता येतं : पट्टा उतरवल्यावर पुली हातानं फिरवून दाखवायला सांगा. खरखर जाणवली किंवा ती डुगडुगली, तर बदलणं योग्य. बदललेला जुना भाग मागून घ्या.

गैरसमज ३ : चिरा नाहीत, म्हणजे पट्टा ठणठणीत.
वस्तुस्थिती : ही परीक्षा जुन्या निओप्रीनच्या पट्ट्यांची. आजचे पट्टे बहुतेक ईपीडीएम रबराचे असतात. ते सहसा चिरत नाहीत, टायरसारखे झिजतात. आतल्या खाचा रुंद होतात आणि पट्टा घसरू लागतो. झीज मोजायला साधं प्लास्टिकचं गेज मिळतं. बदलण्याचं अंतर प्रत्येक गाडीचं वेगळं असतं, ते मॅन्युअलमध्ये पाहावं.

गैरसमज ४ : चिरचिर आवाज आला की स्प्रे मारावा, नाहीतर पट्टा बदलावा.
वस्तुस्थिती : स्प्रे आवाज दाबतो, कारण तसंच राहतं. जाणकार मेकॅनिक चालू इंजिनात पट्ट्याच्या खाचांवर थोडं पाणी शिंपडून पाहतो. आवाज थोडा वेळ थांबला तर एखादी पुली रेषेत नाही, वाढला तर ताण कमी आहे. दोन्ही वेळी नुसता नवा पट्टा घालून पैसे वाया जाऊ शकतात. हा प्रयोग स्वतः करू नका. फिरत्या पट्ट्यात बोट, बाही, ओढणी अडकू शकते.

गैरसमज ५ : पट्टा तुटला तरी गाडी हळूहळू घरी नेता येते.
वस्तुस्थिती : पट्टा तुटताच अल्टरनेटर थांबतो आणि बॅटरीचा लाल दिवा लागतो. हायड्रॉलिक स्टिअरिंग एकदम जड होतं. वॉटर पंप याच पट्ट्यावर असेल तर इंजिन काही मिनिटांत तापतं, हेड गॅस्केट जाऊ शकतं, हेड वाकू शकतं. गाडी सुरक्षित जागी थांबवा, इंजिन बंद करा आणि टोइंग बोलवा. टोइंगचे पैसे हेडच्या कामापुढे किरकोळ आहेत. नेहमीचा मोटार विमा झीज आणि यांत्रिक बिघाड भरून देत नाही, हेही ध्यानात असू द्या.

गैरसमज ६ : चांगला पट्टा फक्त शोरूममध्येच मिळतो.
वस्तुस्थिती : गेट्स, बँडो, काँटिटेक यांसारख्या पट्टे बनवणाऱ्या कंपन्यांचा माल खुल्या बाजारातही मिळतो. पट्ट्यावरचा क्रमांक मात्र जुळला पाहिजे. ६पीके१०६० म्हणजे सहा धारा आणि १०६० मिलिमीटर लांबी. लांबी चुकली की ताण चुकतो.

पट्टा, टेन्शनर, मजुरी आणि जीएसटी असं वेगवेगळं मांडलेलं अंदाजपत्रक काम सुरू होण्याआधीच लेखी मागा. प्रत्येक रकमेचं कारण विचारणं हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि प्रामाणिक मेकॅनिकला त्याची उत्तरं देण्यात अडचण नसते.