द्रावकात जे उतरते तेच दिसते

पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात निर्यातीच्या द्राक्षांतील कीडनाशकांचे अवशेष तपासणारी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे. तिला ज्या प्रमाणांचा शोध घ्यावा लागतो ती अत्यंत सूक्ष्म असतात, किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम ही मर्यादा म्हणजे वीस टन द्राक्षांत मिळून अवघा एक ग्रॅम. साखर, टार्टारिक आम्ल आणि रंगद्रव्ये यांनी दाटलेला रस थेट मापनयंत्रात सोडला, तर हे घटक यंत्र खराब करतात आणि अवशेषाचा संकेतही दाबून टाकतात. म्हणून मोजणीआधी निष्कर्षण, म्हणजे हवा तो पदार्थ रसातून दुसऱ्या द्रवात उतरवून घेणे, अपरिहार्य ठरते.

रूढ पद्धतीत द्राक्षांचा लगदा इथाइल ॲसिटेट या पाण्यात फारसे न मिसळणाऱ्या द्रावकाबरोबर घुसळतात. बहुतेक कीडनाशके पाण्यापेक्षा या द्रावकात अधिक विरघळत असल्याने तिकडे जातात, निर्जल सोडियम सल्फेट पाणी शोषून घेते, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर द्रावकाचा थर वर येतो आणि त्यातील आम्ले अमाइनयुक्त भुकटी धरून ठेवते. निष्कर्षण किती पुरे झाले हे पाहण्यासाठी अवशेषरहित द्राक्षांत रसायनाची ठाऊक मात्रा मुद्दाम मिसळून ती किती परत मिळते हे मोजतात. साधारण ७० ते १२० टक्के परत मिळाली तर पद्धत ग्राह्य धरतात.

यंत्रांच्या संवेदनशीलतेचे कौतुक फार होते; मात्र द्रावकाने जे उचलले नाही ते सर्वांत महाग यंत्रालाही दिसत नाही, ही गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. २०१० मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड आढळले आणि निर्यातदारांचे मोठे नुकसान झाले, तेव्हा हे रसायन येथील तपासणीच्या यादीत नव्हते. बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात तेच हे वाढरोधक, खरड छाटणीनंतर फुटींची वाढ आवरून काडीत घडनिर्मिती व्हावी म्हणून वापरले जाणारे. पण यादीत नाव घातले म्हणजे भागले, असेही नव्हते. त्याच्या रेणूतील नायट्रोजन चार कार्बनगटांना जोडलेला असल्याने त्यावर कायमचा धनप्रभार असतो. असा आयन पाणी सोडत नाही, आणि इथाइल ॲसिटेटबरोबर कितीही घुसळले तरी तो रसातच राहतो.

त्यासाठी आम्लयुक्त मिथेनॉल वापरावे लागते. ते पाण्यात पूर्ण मिसळते, त्यामुळे सीसीसी निघते खरे, परंतु थर वेगळे होत नाहीत आणि साखरही सोबत येते. मग अर्क पातळ करून, आयन धरून ठेवणाऱ्या स्तंभातून घटक वेगळे करतात. शिवाय ज्यातील काही हायड्रोजनांच्या जागी जड ड्युटेरियम बसवले आहे असे सीसीसी सुरुवातीलाच ठाऊक मात्रेत मिसळलेले असते, आणि साखरेमुळे दोघांचेही संकेत सारखेच दबत असल्याने त्यांच्या गुणोत्तरावरून खरे प्रमाण काढता येते.